घरच्या घरी ॲक्युप्रेशर: ताण आणि जिवाची घालमेल आवरायला पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

छातीत धडधड, पोटात गोळा, हातपाय गार, आणि रात्री दोनला उघडलेले डोळे पहाटेपर्यंत मिटत नाहीत. असं ज्याला होतं त्याला कोणी ना कोणी सांगतंच, "ते पॉइंट दाबून बघा ना." मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते. एका तक्त्यात तळहातावर तीस-चाळीस आकडे, दुसऱ्यात मनगटावर ठिपके, तिसऱ्यात कान. आधीच घाबरलेला माणूस आणखी गोंधळतो आणि चार दिवसांत सगळं सोडून देतो.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. दर महिन्याची जीएसटीची वीस तारीख, मार्चअखेर, आणि त्यातच घरात सासऱ्यांचं लांबलेलं आजारपण, अशा काळात मला या बिंदूंचा खरोखर उपयोग झाला. आमच्या नात्यातल्या नाशिकरोडच्या एका निवृत्त नर्स मावशींनी मला ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं करून शिकवले. त्या ज्या क्रमाने शिकवत गेल्या, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

त्यांचं सांगणं थोडक्यात असं: तीन बिंदू पुरे. मन शांत असताना ते शिकायचे, लांब सोडलेल्या श्वासाबरोबर दाबायचे आणि रोज ठरलेल्या वेळी दाबायचे. बाकी सगळं नंतर.

अपेक्षा मात्र आधीच नीट ठेवा. मनगटाच्या आतल्या बिंदूचा मळमळीवर उपयोग होतो, याला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये ५९ चाचण्यांचा आढावा घेतला होता, त्यात तो दिसला. चिंतेवरचे अभ्यास छोटे आहेत. शस्त्रक्रियेच्या आधी वाटणारी भीती काही जणांची कमी झाली, इतपत त्यांतून दिसतं. पारंपरिक चिनी वैद्यक ज्या ऊर्जावाहिन्या मानतं, त्या शरीरशास्त्राला सापडलेल्या नाहीत. तरीही ठरावीक जागी हळू दाब, त्याबरोबर संथ श्वास आणि दोन मिनिटं लक्ष एकाच ठिकाणी, एवढ्यानेही उसळलेलं शरीर खाली येतं. खर्च नाही, कुणाची परवानगी नको, आणि सिटीलिंकच्या शहर बसमध्ये बसल्याबसल्याही करता येतं. मला एवढं पुरेसं वाटतं.

१. आधी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. धडधड म्हणजे ताणच, असं घरात बसून ठरवता येत नाही. थायरॉइड जास्त काम करत असेल तर नाडी पळते, हात थरथरतात, वजन उतरतं, झोप उडते. हिमोग्लोबिन कमी असेल तर जिना चढताना छाती धडधडते. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याची साखर एकदम खाली गेली तर दरदरून घाम फुटतो आणि जीव घाबरा होतो. अशा वेळी मनगट दाबत बसण्यात वेळ गेला तर धोका आहे. त्या माणसाला आधी साखर द्यायची असते. दम्याच्या पंपानेही काहींना धडधडतं.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगून रक्तदाब, ईसीजी, सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर एवढं बघून घ्या. त्यांना आणखी काही तपासावंसं वाटलं तर तेही करा. "सगळं नॉर्मल आहे" हे कागदावर दिसलं की रात्रीच्या धडधडीची निम्मी दहशत तिथेच ओसरते, हा फायदा वेगळाच.

छातीवर दाब आल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम, धाप लागणं, एका बाजूचा हातपाय किंवा तोंड लुळं पडणं, यांपैकी काहीही झालं तर बिंदू, श्वास सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी नुसती धाप, मळमळ आणि विलक्षण थकवा अशाही रूपात येतो. "ॲसिडिटी असेल" म्हणून सकाळची वाट पाहू नका.

२. काय लागतं

- कापलेली नखं. अंगठ्याचं नख वाढलेलं असेल तर कातडी सोलते आणि दुसऱ्या दिवशी हात लावावासा वाटत नाही.
- बॉलपेन, पहिल्या आठवड्यात खूण करायला.
- छोटी वही.
- मोबाईलमधला टायमर, फोन सायलेंटवर.
- कातडी कोरडी असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब. जास्त लावलं तर बोट घसरतं.
- तपासण्यांचे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी एका फाइलमध्ये. ही फाइल शेवटच्या पायरीत लागणार आहे.

लाकडी जिमी (बिंदू दाबायची टोकदार दांडी), काटेरी रोलर, पिरॅमिडची पट्टी, चुंबकाची अंगठी, ॲक्युप्रेशरच्या चपला, हे सगळं मेन रोडच्या दुकानांपासून ऑनलाइनपर्यंत कुठेही मिळतं. ताण-चिंतेसाठी यांतलं काहीही लागत नाही. बोटाला खालची शीर, हाड, दुखरी जागा कळते, लाकडाला कळत नाही. नवख्या माणसाने तर जिमी हातात घेऊच नये.

३. पातळी मोजायला शिका

नाशिककर गोदेचा पूर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून मोजतात. पाणी मारुतीच्या पायाशी, गुडघ्याला, कमरेला की गळ्याला लागलं, एवढं सांगितलं की कुठपर्यंत पाणी आलं असेल ते गावाला कळतं. घालमेलीचीही पातळी अशीच मोजा. सोप्या चार खुणा ठरवा: पाय म्हणजे थोडी चुळबुळ, गुडघा म्हणजे कामात लक्ष लागत नाही, कंबर म्हणजे धडधड आणि पोटात गोळा, गळा म्हणजे आता आपलं काही खरं नाही असं वाटणं.

बिंदू दाबण्याआधी वहीत एक शब्द लिहा, दाबून झाल्यावर पुन्हा एक लिहा. "कंबर, गुडघा." बस. वेळ आणि कारण सुचलं तर तेही. दोन-तीन आठवड्यांनी पानं चाळलीत की आपलं पाणी कधी चढतं ते दिसायला लागतं. माझ्या वहीत रविवारच्या संध्याकाळी जवळजवळ नेहमी "कंबर" होतं, आणि हे मला वही बघेपर्यंत माहीत नव्हतं.

४. बोटांची मापं

बिंदूंची अंतरं सेंटिमीटरमध्ये देत नाहीत, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. ज्याचा हात, त्याचीच बोटं मोजायची. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं जुळवून आडवी ठेवली की साधारण दोन मापं (एक माप म्हणजे आपल्या अंगठ्याची रुंदी). करंगळीसकट चार बोटं म्हणजे तीन मापं. मुलाचा बिंदू शोधताना मुलाची बोटं वापरा, आईची नाही. सासूबाईंचे हात तुमच्याहून लहान असतील तर त्यांना त्यांचीच बोटं ठेवायला सांगा.

५. पहिला बिंदू: मनगटाच्या आत

तक्त्यांत याला "पी ६" किंवा "पी. सी. ६" लिहिलेलं असतं. हा एक नीट आला की बाकीचे सोपे जातात, म्हणून इथे घाई करू नका.

डावा तळहात आकाशाकडे करून मांडीवर ठेवा. तळहात संपून मनगट सुरू होतं तिथे आडव्या वळ्या दिसतील. तळहाताला सगळ्यात लागून असलेल्या वळीवर उजव्या हाताची तीन बोटं आडवी टेकवा, म्हणजे अनामिका वळीला चिकटेल आणि तर्जनी कोपराच्या बाजूला येईल. तर्जनीची कड जिथे संपते तिथे, हाताच्या अगदी मधोमध बॉलपेनने छोटा ठिपका काढा.

आता डावा अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वळवा. मधोमध एक बारीक कंडरा ताठ होऊन वर येते. तिच्या शेजारी, अंगठ्याच्या बाजूला दुसरी, जाडसर कंडरा असते. बिंदू या दोघींच्या मधल्या खोबणीत आहे. ठिपका खोबणीत नसेल तर तेवढा सरकवा.

काही जणांना कितीही वळवलं तरी मधली कंडरा दिसतच नाही. घाबरू नका, ती काही लोकांना जन्मतःच नसते, एका हाताला असून दुसऱ्याला नसणंही होतं, आणि हाताच्या ताकदीला त्याने काही फरक पडत नाही. अशांनी फक्त मध्यरेषा आणि तीन बोटांचं अंतर धरावं.

बिंदूवर उजव्या अंगठ्याचा गादीचा भाग ठेवा, टोक नको. बाकीची चार बोटं मनगटाच्या मागून आधाराला. हळूहळू भार वाढवा. किती दाबायचं हे अंगठ्याच्या नखाकडे पाहून कळतं: नखाची पुढची कड फिकट झाली, मधला भाग गुलाबी राहिला, की पुरे. अख्खं नख पांढरं पडलं म्हणजे जास्त झालं. आतून बोथट, बरं वाटणारं दुखणं जाणवलं पाहिजे. बोटांत झिणझिण्या आल्या किंवा वीज चमकल्यासारखं झालं तर लगेच सोडा, कारण याच खोबणीच्या खालून हाताची एक मोठी नस जाते आणि तुम्ही ती दाबताय. थोडं सरकून, हलक्या हाताने पुन्हा.

मावशी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "अगं, चोळू नकोस. टेक आणि थांब." नवखे लोक इथेच घाईने रगडायला लागतात. टेका, थांबा. हवं तर अगदी लहान वर्तुळात, कातडीवर न घासता, कातडीसकट बोट फिरवा.

एक ते दोन मिनिटं. मग दुसरा हात.

६. दुसरा बिंदू: करंगळीच्या बाजूची खळगी

तक्त्यात "एच. टी. ७" किंवा "एच ७". झोप न लागणं आणि धडधड यांसाठी परंपरेने हा सांगितला जातो.

तळहात वरच ठेवा. करंगळीच्या सरळ रेषेत खाली या. तळहाताच्या बुडाशी एक लहानसं गोल हाड बोटाला लागेल. ते हाड संपतं तिथेच, मनगटाच्या वळीवर, कडेच्या कंडरेच्या आतल्या बाजूला एक खळगी आहे. तोच बिंदू. इथे दाब पहिल्यापेक्षा निम्मा ठेवा, कारण जागा लहान आहे आणि शेजारून धमनी व नस दोन्ही जातात. करंगळीत मुंग्या आल्या तर जास्त दाबलंय.

रात्री अंथरुणात पडल्यापडल्या हा सगळ्यात सोयीचा. दिवा लावायला नको, शेजारी झोपलेल्याची झोपमोड होत नाही.

७. तिसरा बिंदू: दोन भुवयांच्या मधोमध

टिकली लावतो तिथे, भुवयांच्या आतल्या टोकांच्या बरोबर मध्ये. टेबलावर कोपर टेकवा, मधलं बोट तिथे ठेवा आणि डोक्याचा थोडा भार बोटावर सोडा. हाताने दाबायची गरजच पडत नाही. डोळे मिटलेले. गंध, टिकलीचा गोंद किंवा पुरळ असेल तर आधी चेहरा धुऊन घ्या.

दहावी-बारावीच्या मुलांना मी हाच एक शिकवते. परीक्षेच्या वर्गात कपाळाला बोट लावून बसलेल्या मुलाकडे कोणी वळून बघत नाही.

८. श्वास जोडा

बिंदू शोधायला लोक खूप मेहनत घेतात आणि श्वास विसरतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम श्वासच करतो. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबला की हृदयाची गती थोडी उतरते. शरीराला विश्रांतीकडे नेणारी व्हेगस नावाची नस त्यात काम करते.

नाकाने मनात चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. सोडताना अंगठ्याचा दाब किंचित वाढवा, घेताना सैल करा, पण बोट उचलू नका. हे जमायला वेळ लागतो. जमत नसेल तर आकडे सोडून द्या आणि फक्त सोडलेला श्वास लांबवा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी श्वास रोखून धरायचा नाही. चक्कर आली तर नेहमीसारखा श्वास घ्या, काही बिघडलेलं नाही.

९. रोजची वेळ ठरवा

घाबरल्यावर पहिल्यांदा बिंदू शोधायला गेलात तर हात थरथरत असतो, खोबणी सापडत नाही, आणि "याने काही होत नाही" असं वाटून चिडचिड वाढते. म्हणून पहिले दोन आठवडे पाणी पायाशी असतानाच सराव करा. सकाळी चहा होईपर्यंत एकदा, रात्री अंथरुणात एकदा. एका वेळेला पाच-सात मिनिटं पुरतात. भरपेट जेवणानंतर लगेच नको.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना ठरलेली वेळ पाळणं अवघड जातं, हे अंबड-सातपूरच्या घराघरांत माहीत आहे. त्यांनी घड्याळाऐवजी कामाला वेळ बांधावी: शिफ्ट संपून हात धुतले की दोन मिनिटं, झोपायला आडवं झालं की दोन मिनिटं, मग ती झोप दुपारची का असेना. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जा-ये करणाऱ्यांना बसायला जागा मिळाली की वेळच वेळ. दुचाकीवर मात्र नाही. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत किंवा सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यावर जीव कितीही कावला तरी हँडल सोडून मनगट धरू नका. फक्त श्वास लांब सोडा आणि पोहोचल्यावर बाकीचं करा.

१०. ऐन वेळी, पाणी कमरेवर असताना

बसा. पाठ कशाला तरी टेकवा, तळपाय जमिनीवर. पहिला बिंदू धरा, डावा किंवा उजवा, जो सापडेल तो. अचूक जागेची चिंता सोडा. श्वास लांब सोडत राहा. घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखराला जातो आणि मग उतरायला लागतो, हे आधीच माहीत असलं तर ती दहा मिनिटं काढता येतात. सोबत कोणी असेल तर त्याने "शांत हो, शांत हो" म्हणू नये. नुसतं शेजारी बसून आपला श्वास ऐकू येईल इतका संथ सोडत राहावं. दुसऱ्याचा श्वास आपोआप त्यामागे येतो.

दुसऱ्याला दाबून देताना आधी विचारा. घाबरलेल्या माणसाचं मनगट एकदम पकडलं तर तो आणखी दचकतो.

११. पुढचे बिंदू, जमले तर

पहिले तीन हाताला बसले की खांद्याचा घ्या. मान खाली केल्यावर मागे वर येणारा मणका आणि खांद्याचं बाहेरचं टोक यांच्या मधोमध, खांद्याच्या माथ्यावर. संगणकावर काम करणाऱ्यांचा तो दगडासारखा झालेला असतो. चिमटीत धरून हळू दाबायचा.

पायावर अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यातून वर घोट्याकडे बोट सरकवत न्या. दोन हाडं जिथे जवळ येतात तिथल्या खळग्यात एक आहे. चिडचिड, दात ओठ खाणं यावर परंपरा तो सांगते. तळपायाची बोटं आत वळवल्यावर चवड्याच्या मागे जो खड्डा पडतो, तो झोपेआधी दाबतात.

हाताच्या पाठीवर अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातला बिंदू सगळ्यात प्रसिद्ध, डोकेदुखीसाठी लोक तो आपोआपच दाबतात. तो खाली दिलेली सूचना वाचूनच.

१२. कुठे आणि कुणी दाबू नये

गरोदरपणात अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातला, खांद्याच्या माथ्यावरचा आणि पायाच्या आतल्या घोट्यापासून चार बोटं वरचा, हे तीन बिंदू परंपरेनेच वर्ज्य मानले आहेत. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तरीही टाळा.

रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील, किंवा डेंग्यूच्या तापात प्लेटलेट उतरलेल्या असतील तर दाबण्याने कातडीखाली रक्त साकळतं. पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी हा ताप असतो, आणि आजारी माणसाच्या अंगाची रगडपट्टी करायची सवयही. त्या दिवसांत फक्त श्वास.

डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनी जोडलेली जागा) केलेल्या हाताला हात लावू नका, दुसरा हात वापरा. मधुमेहाने तळपाय बधिर झालेले असतील तर पायावरचे बिंदू आणि काटेरी रोलर दोन्ही बंद. जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती दाबू नका, शिरेत गुठळी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे नाडी लागते तिथे, कधीही दाबायचं नाही. फुगलेल्या शिरा, जखमा, ताजं ऑपरेशन, मोडलेलं हाड यांवर नाही. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी पातळ असते, तिथे बोट नुसतं टेकवलं तरी चालतं.

दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसलं तर तुम्ही जास्त दाबलंत. "दुखलं म्हणजे गुण आला" हा समज टाकून द्या.

१३. नवख्यांना गोंधळात टाकणाऱ्या गोष्टी

सगळ्यात मोठा गोंधळ तक्त्यांचा. आपल्याकडे ॲक्युप्रेशर म्हणून दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एकात तळहात आणि तळपाय हा सगळ्या शरीराचा नकाशा मानतात: इथे मूत्रपिंड, इथे यकृत, इथे थायरॉइड, प्रत्येकाला आकडा. दुसरी चिनी परंपरेतली, जिच्यातले ३६१ बिंदू जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत आहेत. या लेखातले मनगटाचे, खांद्याचे आणि पायाचे बिंदू त्या यादीतले आहेत. भुवयांमधला त्या परंपरेतलाच, पण यादीबाहेरचा जादा बिंदू. एका तक्त्यातला "६" दुसऱ्या तक्त्यात शोधायला गेलात तर डोकं फिरेल. एकच परंपरा धरा.

तळहातावर एखादी जागा दुखली की "तुमचं मूत्रपिंड कमजोर आहे" असं सांगणारे भेटतात. बोटाने दाबून मूत्रपिंडाचं निदान होत नाही, रक्त-लघवी तपासूनच होतं. ज्याला आधीच चिंतेचा त्रास आहे त्याला अशा एका वाक्याने आठवडाभर झोप लागत नाही. तिथून सरळ उठून या.

शिकायला कुणाकडे जावंसं वाटलं तर दोन प्रश्न विचारा: तुमचं शिक्षण काय, आणि माझ्या चालू गोळ्यांचं काय करू? सुया टोचण्याच्या ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी होते, तेव्हा सुया वापरणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. दुसऱ्या प्रश्नाला "गोळ्या बंद करा" असं उत्तर आलं तर तिथे पुन्हा पाऊल टाकू नका. चिंतेच्या, नैराश्याच्या, रक्तदाबाच्या गोळ्या एकदम सोडल्या तर त्रास उसळून येतो. काहींच्या बाबतीत तो गंभीर असतो.

१४. पाणी गळ्याशी येत असेल तर

वहीत दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज "कंबर" किंवा "गळा" येत असेल, कामावर जाणं, जेवण, झोप विस्कटली असेल, घाबरून रस्ता किंवा माणसं टाळायला लागला असाल, तर हे बिंदूंचं काम राहिलेलं नाही. डॉक्टर बहुधा जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी भरून घेतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस, आणि दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी लागते. समुपदेशन आणि औषधं दोन्हींचा चिंतेवर चांगला गुण येतो, आणि त्यासोबत तुम्ही बिंदू दाबत राहिलात तर काही हरकत नसते.

मरून जावंसं वाटत असेल, किंवा घरातलं कोणी तसं बोलत असेल, तर उद्यावर टाकू नका. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि घरातली औषधं, फवारणीची बाटली कुलपात ठेवा. द्राक्ष-कांद्याच्या गावांत ही शेवटची गोष्ट आधी करा.

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा मिळते, आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. सकाळी लवकर जा, केस पेपरच्या रांगेत वेळ जातो. सोबत आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि ती वही घ्या. आत गेल्यावर कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही, घसा दाटून येतो. अशा वेळी वहीचं शेवटचं पान उघडून सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. त्यांना पुढचे प्रश्न विचारायला तेवढं पुरतं. आपण घरी कोणते बिंदू दाबतो हेही सांगा, आणि बरोबर घरातलं एक माणूस असू द्या, कारण गोळ्या कधी, किती आणि कशाबरोबर घ्यायच्या हे पहिल्या भेटीत एकट्याच्या लक्षात राहत नाही.